शेवटचा खंड वाचून रागावलेल्या मुलीला

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा शेवटचा खंड, 'द रिटर्न ऑफ द किंग', संपवून तू लेखासाठी पाठवलेलं टिपण मी दोनदा वाचलं. तू तीन गोष्टी लिहिल्या आहेस. मन ताब्यात घेणारी अंगठी ज्वालामुखीत टाकायला निघालेला नायक फ्रोडो ऐन वेळी हरतो, ती टाकत नाही, ही वाचकाची फसवणूक आहे. अंगठी नष्ट झाली तिथंच पुस्तक संपायला हवं होतं. आणि आता दुसरं काही वाचावंसंच वाटत नाही.

तिसऱ्या गोष्टीची काळजी करू नकोस. इतके दिवस ज्या माणसांच्या सोबतीनं चाललीस, ती अचानक निघून गेली की मन रिकामं होतंच. मात्र हे रिकामेपण आणि पुस्तकाबद्दलचं मत या दोन गोष्टी तुझ्या टिपणात एकमेकींत मिसळल्या आहेत. 'शेवट वाईट आहे' असं तू जिथं जिथं लिहिलं आहेस, तिथं 'संपलं हे वाईट झालं' असं वाचून बघ. निम्म्या जागी तेच जास्त खरं वाटेल. ती वाक्यं खोडू नकोस, त्यांना वेगळा परिच्छेद दे.

आता मुख्य मुद्दा. तू याला मालिकेचं शेवटचं पुस्तक म्हणतेस, आणि ते आधीच्या दोन पुस्तकांच्या तोडीचं आहे का, असं विचारतेस. टॉल्किनच्या लेखी ती एकच कादंबरी होती, सहा भागांची. युद्धानंतरच्या दिवसांत कागद आणि छपाई महाग होती, म्हणून प्रकाशकानं तिचे तीन खंड केले. पहिला जुलै १९५४ मध्ये आला, दुसरा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आणि तिसऱ्यासाठी वाचकांना ऑक्टोबर १९५५ पर्यंत थांबावं लागलं. तिसऱ्या खंडाचं नावही टॉल्किनला पसंत नव्हतं, कारण राजा परतणार हे ते आधीच सांगून टाकतं. त्याला 'द वॉर ऑफ द रिंग' हवं होतं. म्हणजे तुझ्या हातात आहे ते एका कादंबरीचं शेवटचं तृतीयांश. त्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सुरुवातीला या कथेनं जे कबूल केलं होतं, ते तिनं पाळलं का?

हा प्रश्न घेऊन पहिल्या खंडाच्या दुसऱ्या प्रकरणाकडे परत जा. तिथं जादूगार गँडाल्फ फ्रोडोला त्याच्याच घरात, त्याच्याच शेकोटीसमोर सांगतो, की टाकून बघ अंगठी आगीत. फ्रोडो ती हातात घेतो, टाकायच्या इराद्यानं हात उचलतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण ती पुन्हा खिशात ठेवली आहे. ती आग साधी होती, त्या अंगठीला चटकासुद्धा बसला नसता. अंगठी वाहून नेण्याचा प्रवास तेव्हा सुरूही झाला नव्हता. तरीही जमलं नाही. मग महिनोन् महिने ती गळ्यात वागवून, उपाशी, जखमी, रांगत माउंट डूम या ज्वालामुखीच्या कड्यावर पोचल्यावर त्याला ते कसं जमावं? लेखकानं तुला हे उघड सांगितलं होतं. त्या वेळी आपल्याला काय सांगितलं गेलं ते आपल्याला कळलं नाही, एवढंच.

त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे. फ्रोडोआधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोनं, तिच्या मोहानं पछाडलेल्या गॉलमला संधी होती तेव्हाच मारायला हवं होतं, असं फ्रोडो चिडून म्हणतो. गँडाल्फ म्हणतो, बिल्बोचा हात दयेनं थांबला होता, आणि त्या दयेवर पुढं कितीजणांचं भवितव्य ठरेल कोण जाणे. नंतर फ्रोडो स्वतः गॉलमला सोडतो. माउंट डूमच्या उतारावर फ्रोडोचा सोबती सॅमसुद्धा तलवार उगारून थांबतो, आणि मला तर हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो, कारण सॅमला गॉलमबद्दल कधीच माया नव्हती. तिघांनी तीन वेळा सोडलं म्हणून तो गॉलम कड्यावर पोचतो, फ्रोडोचं बोट तोडतो, आनंदानं नाचता नाचता तोल जाऊन अंगठीसकट खाली पडतो. जे काम कुणाच्याही इच्छाशक्तीला जमलं नसतं, ते त्या तीन दयांनी तडीला नेलं. तुला हा योगायोग वाटला. मला ही पुस्तकातली सर्वांत आधीपासून केलेली तयारी वाटते.

तू सिनेमा आधी पाहिला होतास, हेही इथं आड येतंय. २००३ च्या सिनेमात फ्रोडो कड्यावर गॉलमशी झटापट करतो आणि त्या झटापटीत दोघे घसरतात. तिथं नायकाच्या हाताला थोडं श्रेय उरतं. पुस्तक तेवढंही उरू देत नाही. तुला जी उणीव बोचली ती तिथून आली असावी. पण बोचली हे चांगलं झालं. फ्रोडोच्या या अपयशाबद्दल फार थोड्या वाचकांनी आपल्याला लिहिलं, असं टॉल्किननं १९६३ सालच्या एका पत्रात म्हटलं आहे. तो त्याला अपयशच म्हणतो, पण त्याचा दोष फ्रोडोवर ठेवत नाही. अंगठी तिथवर नेण्यात त्यानं स्वतःजवळचं सगळं संपवलं होतं, आणि त्या जागी कुणीही टिकलं नसतं, असं त्याचं म्हणणं आहे. बहुतेकांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट तू पकडलीस. आता तिच्यावर लगेच निकाल देऊन ती हातची घालवू नकोस.

लांबलेल्या शेवटाबद्दल. सहाव्या भागात नऊ प्रकरणं आहेत आणि अंगठी तिसऱ्यात नष्ट होते. म्हणजे सहा प्रकरणं उरतात. एखाद्या लेखकाच्या हातून एवढं चुकून होत नाही. त्या सहांपैकी शायरच्या, म्हणजे फ्रोडोच्या मायभूमीच्या, मुक्तीचं प्रकरण काढून टाकावं, असं तू सुचवतेस, आणि सिनेमानं ते गाळलंच आहे. पण दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किननं स्पष्ट लिहिलं आहे, की हा कथानकाचा अत्यावश्यक भाग आहे आणि तो सुरुवातीपासूनच डोक्यात होता. लेखक म्हणतो म्हणून तू मान, असं मी म्हणणार नाही. ते प्रकरण पुन्हा वाच आणि घरी परतणाऱ्या चौघांकडे, फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन या मित्रांकडे, नीट बघ. गँडाल्फ वाटेतच त्यांचा निरोप घेतो, कारण आता त्यांचं घर त्यांनीच सावरायचं आहे. झाडं तोडलेली, ठिकठिकाणी नियमांच्या पाट्या, शेजारी शेजाऱ्याला घाबरतोय. मेरी आणि पिपिन लोकांना उठवतात, लढाई आखतात. फ्रोडो मात्र तलवार उपसत नाही. शरण आलेल्यांना मारू नका, म्हणून तो आपल्याच लोकांना आवरत फिरतो. शत्रू झालेला जादूगार सारुमान त्याच्यावर सुरी चालवतो, तरी तो त्याला जाऊ द्या म्हणतो. माउंट डूमवर जे घडलं त्याचा फ्रोडोवर काय परिणाम झाला, हे तुला इथं दिसतं. ते दाखवायला दुसरी जागाच नव्हती.

आणि मग त्याला बरं वाटत नाही. दर वर्षी त्या त्या तारखेला जुनी जखम उसळते. ज्या शायरसाठी तो गेला ते वाचलं, पण त्याच्यासाठी नाही, असं तो सॅमला सांगतो. तिथं तू समासात 'का?' असं लिहिलं आहेस. त्या एका शब्दावर तुझ्या लेखाचा अर्धा भाग उभा राहू शकतो. सगळं मिळवून परत आलेला माणूस आपल्याच घरात का राहू शकत नाही, याचं उत्तर पुस्तकात शोध. सापडेल तेवढंच लिही.

आता जिथं मी पूर्णपणे तुझ्या बाजूचा आहे ते सांगतो. आर्वेनबद्दल तू लिहिलेल्या सहा ओळी टिपणातल्या सर्वांत चांगल्या आहेत. अमरत्व सोडणारी ही स्त्री मुख्य कथेत जेमतेम दिसते. तिची आणि परतलेल्या राजाची, अरागॉर्नची, खरी कहाणी परिशिष्टात आहे. त्यामुळे लग्न होतं तेव्हा वाचकाला नवरीची ओळखच नसते, आणि तिनं काय गमावलं याचं दुःख कादंबरी संपल्यावर, मागच्या पानांत, उशिरा पोचतं. वर मी सांगितलेली कसोटी इथं लावलीस तर पुस्तक उणं पडतं, आणि ते तसं लिहायला घाबरू नकोस. एओविन या लढाईत उतरलेल्या, राजाच्या भाचीबद्दल मात्र तुझं म्हणणं मला अर्धंच पटलं. ती शस्त्र ठेवून रोग्यांची सेवा करायचं ठरवते, त्यात तुला तिची हार दिसते. पण ती रणात उतरली होती ती मरण शोधत. तिला जगावंसं वाटू लागणं ही हार कशी? ते फार थोड्या पानांत उरकलं, एवढी तक्रार ठेव.

लिहिताना एक पथ्य पाळ. ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही त्याला पहिल्या परिच्छेदातच सांग, की पुढं शेवट उघड केला आहे. त्यानंतर आडपडदा नको. शेवटाबद्दल लिहायचं आणि शेवट सांगायचा नाही, अशा लेखातून कुणाच्याच हाती काही लागत नाही.

पुढचा मसुदा करताना आर्वेनच्या सहा ओळी सर्वांत वर घे आणि वाढव, परिशिष्टातल्या प्रसंगांचे आधार देऊन. फ्रोडोचा भाग तूर्त बाजूला ठेव. पहिल्या खंडाचं दुसरं प्रकरण आणि माउंट डूमचं प्रकरण एकाच दिवशी, लागोपाठ वाच, मगच त्याला हात लाव. त्यानंतरही ती फसवणूकच वाटली तर तसं लिही, फक्त कुठल्या पानावर काय कबूल केलं होतं आणि कुठं मोडलं ते दाखव. मी ते तितक्याच आस्थेनं वाचेन.

कळावे,
तुझे सर