फॉर्म १०४० ची २६वी ओळ: एस्टिमेटेड टॅक्स कुठे आणि किती दाखवायचा

अमेरिकेत पहिल्यांदाच एस्टिमेटेड टॅक्स (वर्षभरात स्वतःहून हप्त्यांनी आगाऊ भरायचा आयकर) भरलात ना? मग २०२५ च्या रिटर्नमध्ये, म्हणजे फॉर्म १०४० या आयकर विवरणपत्रात, घाबरण्यासारखं काही नाही. हप्ते कमी पडल्याचा दंड मोजायचा फॉर्म २२१० आत्ता उघडूही नका.

आधी आयआरएसच्या (अमेरिकेच्या केंद्रीय कर विभागाच्या) ऑनलाइन खात्यातून भरणा केलेल्या रकमांची यादी काढा. ‘चार हप्ते ठरवले होते, म्हणजे चार भरलेच असतील’ असं धरून चालू नका. त्या यादीतल्या २०२५ च्या एस्टिमेटेड टॅक्सच्या रकमांची बेरीज २६व्या ओळीत जाते. पगारातून कापलेला कर इथे नको, त्याची जागा २५वी ओळ.

नवखे लोक अडकतात ते इथे:

- चौथा हप्ता १५ जानेवारी २०२६ ला भरला तरी तो २०२५ चाच.
- एप्रिलचा घोळ सगळ्यात जास्त. समजा १५ एप्रिल २०२५ ला तुम्ही दोन रकमा भरल्या: १,२०० डॉलर २०२४ ची बाकी आणि ८०० डॉलर २०२५ चा पहिला हप्ता. बँकेच्या स्टेटमेंटवर दोन्ही सारख्याच दिसतात. पण ओळीत फक्त ८०० धरायचे.
- २०२४ चा रिफंड पुढच्या वर्षाकडे वळवला असेल तर तोही इथेच मिळवा. हा हमखास विसरला जातो.
- राज्याला भरलेला कर इथे नाही.

भरताना चुकून वर्षच चुकीचं निवडलं गेलं असेल, तर रिटर्न पाठवण्याआधी आयआरएसला फोन करून ती रक्कम योग्य वर्षात वळवून घ्या.