निकाल लागल्यावर काय?

सांगली

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

मंगळावरच्या वस्तीसाठी तू केलेला घटनेचा मसुदा वाचला. हक्कांची कलमं मनापासून लिहिली आहेस. पण निकाल लागल्यावर पुढे काय, यावर एक ओळ नाही. हरलेला माणूस ‘मला मान्य नाही’ म्हणाला तर? सगळी घटना तिथेच अडते.

आइसलँडमध्ये ९३० पासून अल्थिंग ही देशाची सभा भरायची. कायदे होते, न्यायालयं होती, पण निकालाची अंमलबजावणी जिंकलेल्यानेच करायची. दुबळ्याला मग कुणा तालेवाराचा आश्रय धरावा लागे.

आपली गोतसभा, म्हणजे जुन्या काळी गावातले तंटे सोडवणारी सभा, या बाबतीत फार शहाणी. वाद ऐकण्याआधीच ती दोन्ही पक्षांकडून राजीनामा घ्यायची, म्हणजे निकाल मान्य करू अशी लेखी कबुली, वर जामीन. महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, पाटलाच्या नांगराची निशाणी, खाली बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या. आणि शेवटी हरलेल्याकडूनच येजितखत, आपला दावा खोटा ठरला असं लिहून दिलेलं. अख्खा गाव साक्षीला असताना मोडायचं कुणी? जातीची उतरंड त्या सभेतही होतीच, ती मंगळावर नेऊ नकोस. कबुली आधी घेण्याची रीत मात्र जरूर घे.

१९४३ नंतर प्रति सरकारची, म्हणजे नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारची, न्यायदान मंडळं आपल्याच गावांत बसत. सरकारी कोर्ट सोडून लोक तिथे येत, कारण तंटा गावातच मिटायचा. मागे प्रति सरकारचं दल, तुफान सेना, उभं होतं. त्या बळाला जाब कोण विचारू शकत होतं, हे शोध. नाना पाटलांबद्दल मला अपार आदर आहे, तरीही हा प्रश्न विचारच.

मंगळावर हवेची चावी ज्याच्या हाती, तोच फौजदार. १९६७ च्या अंतराळ करारानुसार यान ज्या देशाच्या नोंदवहीत, त्याचा अधिकार यानावर आणि त्यातल्या माणसांवर राहतो. पण पृथ्वीला विचारायचं तर निरोप एका बाजूने पोचायलाच ३ ते २२ मिनिटं. तेव्हा शिक्षा म्हणून कुणाची हवा-पाणी तोडता येणार नाही, हे पहिलं कलम कर.

मग शिक्षा कोणती? मूठभर माणसांच्या वस्तीला कुणाला कोंडून ठेवणं परवडणार नाही. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जाऊन ये. औंध संस्थानाने १९३९ मध्ये कैद्यांसाठी तिथे खुली वसाहत काढली. कैद्याने कुटुंबासह राहायचं, शेत कसायचं. ते बघून हे प्रकरण लिही आणि नवा मसुदा दिवाळीआधी पाठव.

तुझे
सर