कमी प्रकाशात पक्ष्यांचे मुद्दाम 'ब्लर' केलेले कलात्मक फोटो कसे काढायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: प्रकाश उतरला की पक्ष्यांचे फोटो हलतात, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवला तर फोटोत दाणे येतात. त्याच प्रकाशात काही जण मात्र रंग ओघळल्यासारखे देखणे फोटो काढतात. त्यांचा फोटो आणि आपला फसलेला फोटो यात नेमका फरक काय?

फसलेल्या फोटोत सगळंच थोडं थोडं हललेलं असतं. जमलेल्या फोटोत एखादी गोष्ट ठाम असते आणि बाकीचं भरपूर हललेलं असतं. बगळा उडतोय आणि शटर १/२०० सेकंद ठेवलं, तर पंखांची टोकं किंचित पुसट होतात, डोळाही किंचित हलतो आणि बघणाऱ्याला वाटतं, फोकस चुकला. तोच बगळा १/२० ला टिपला तर पंखांच्या लाटा होतात आणि हे मुद्दाम केलंय याबद्दल शंका उरत नाही. म्हणून प्रकाश कमी होईल तसं नाइलाजाने १/५००, १/२५०, १/१२५ असं पायरी पायरीने उतरू नका. स्थिर फोटो मिळत नाही असं दिसलं की थेट १/३० च्या खाली उडी मारा. मधला टापू सगळ्यात वाईट.

अंधुक प्रकाश या कामाला अडचण नाही, उलट सोय आहे. भर उन्हात आयएसओ १०० आणि अॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ/१६ ला शटर साधारण १/१२५ येतं. तिथून १/१५ वर यायचं तर अॅपर्चर एफ/४५ पर्यंत बंद करावं लागेल, आणि ते बहुतेक लेन्समध्ये नसतंच. मग एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लावा, त्यातून ऑटोफोकस अडखळला की वैतागा. शिवाय एफ/२२ ला सेन्सरवरचा धुळीचा कण न् कण आकाशात ठिपका होऊन बसतो. सूर्य मावळला की हे सगळं टळतं. आयएसओ १०० ते ४००, एफ/५.६ ते एफ/११ आणि हवं तेवढं संथ शटर, बाकी काही लागत नाही. दाण्यांचा प्रश्नही तिथेच मिटतो.

आता शटर किती ठेवायचं? ठरीव आकडे पाठ करण्यापेक्षा पंखांच्या उघडझापीचा हिशोब करा. मोठा बगळा सेकंदाला साधारण अडीच वेळा पंख मारतो, म्हणजे एका फेरीला ०.४ सेकंद लागतात. १/२० ला त्या फेरीचा आठवा भाग फोटोत येतो. पंखाचा आकार टिकतो, टोकांना वेग दिसतो. १/८ ला जवळजवळ एक तृतीयांश फेरी येते आणि पंखाचा पंखा होतो. अर्धा सेकंद ठेवलंत तर अख्खी फेरी आत मावते, पंख धुकं होऊन जातात आणि पक्षी ओळखू येईलच असं नाही. आणखी एक गंमत: पंख वर आणि खाली टोकाला पोचून दिशा बदलतो तेव्हा क्षणभर मंदावतो. त्यामुळे लांब एक्स्पोजरमध्ये (म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवल्यावर) दोन्ही टोकांना पंखाची पुसट प्रतिमा उमटते आणि मधे नुसती झुळूक राहते. मला १/४ चे फोटो आवडतात ते यासाठीच.

कावळ्यासारख्या पक्ष्याची फडफड सेकंदाला चारेक वेळा होते, तिथे हेच परिणाम थोड्या वेगवान शटरला मिळतात. चिमणीएवढे पक्षी सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा पंख मारतात आणि मधेच पंख मिटून झेपावतात. सुरुवातीला त्यांच्या नादाला लागू नका. बगळे, करकोचे, रोहित (फ्लेमिंगो), कुरव, बदकं असे सरळ रेषेत उडणारे पक्षी धरा.

ठाम गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा डोकं आणि मान. ती ठाम ठेवायची तर पक्ष्यासोबत कॅमेरा फिरवायचा, म्हणजेच पॅनिंग. पाय पक्षी जिथे जाणार त्या दिशेला रोवा आणि कमरेतून उलट वळून त्याला दुरून धरा. समोर येईपर्यंत कॅमेऱ्याचा वेग त्याच्या वेगाशी जुळलेला हवा. मग बटण दाबा आणि दाबल्यावरही फिरत राहा. फलंदाज चेंडू लागल्यावर बॅट तिथल्या तिथे थांबवत नाही, तसंच. नवशिके नेमके बटण दाबताना थबकतात आणि फोटो तिथेच जातो. लेन्सवर स्थिरीकरणाचा पॅनिंग मोड असेल (पुष्कळ लेन्सवर तो 'मोड २' असतो) तर तो लावा, कारण साधा मोड कधी कधी तुमच्या फिरण्यालाच हादरा समजून विरोध करतो. फोकस सतत मागोवा घेणारा ठेवा. ६०० एमएमचा मोह टाळा, २०० ते ३०० एमएम पुरे.

पॅनिंगमध्ये पार्श्वभूमी ओढली जाऊन पट्टे उमटतात. ते किती लांब येतील याचाही अंदाज बांधता येतो. ४० मीटरवरून सेकंदाला १० मीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी घ्या. त्याच्यासोबत कॅमेरा सेकंदाला सुमारे १४ अंश फिरतो. फुल फ्रेमवर (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर) ३०० एमएम लेन्सची आडवी नजर सुमारे ७ अंशांची. म्हणजे १/२० ला पार्श्वभूमी फ्रेमच्या दहाव्या भागाएवढी ओढली जाते आणि १/५ ला तब्बल चाळीस टक्के. पक्षी जवळून गेला तर आणखी जास्त, कारण तेवढ्याच वेगाला कॅमेरा जास्त फिरवावा लागतो.

पण ओढायला मागे काहीतरी असायला हवं. कोऱ्या आकाशावर पट्टे उमटतच नाहीत. रंगीत गवत, झाडांची कड, पाण्यावर पडलेला आकाशाचा तांबूस रंग असं काही शोधा. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हलणारा पंख सेन्सरच्या एका जागेवर एक्स्पोजरच्या थोड्याच भागापुरता असतो, बाकी वेळ तिथे पार्श्वभूमीचा उजेड पडतो. मागे काळोख असेल तर पांढरा पंख पारदर्शक होऊन चमकतो. मागे उजळ आकाश आणि पुढे काळा पक्षी असेल तर आकाश पंख खाऊन टाकतं आणि उरतं फक्त मधलं धड. म्हणून फिकट पक्षी आणि गडद पार्श्वभूमी हीच जोडी धरा. तिथे कॅमेऱ्याचं मीटर अंधाराला भुलून जास्त उजेड घेतं आणि पांढरं शरीर जळतं (पिसांचा तपशील जाऊन कोरं पांढरं होतं), तेव्हा एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने (म्हणजे उजेड निम्मा करून) खाली आणा, नाहीतर सरळ मॅन्युअल ठेवा.

कधी उलटही करता येतं. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवा आणि थवा फ्रेममधून वाहू द्या. झाडं, काठ, खांब ठाम राहतात आणि १/४ च्या आसपास पक्षी कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारखे उमटतात. किंवा उथळ पाण्यात सावज हेरत निश्चल उभा राहिलेला बगळा घ्या, एक सेकंद द्या आणि बाकीचं पाण्यावर सोपवा.

किरकोळ गोष्टी: रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) 'डेलाइट'वर ठेवा, ऑटोवर ठेवलात तर संध्याकाळचा निळा रंग कॅमेरा धुऊन काढू शकतो. मिररलेस कॅमेरा असेल तर इलेक्ट्रॉनिकऐवजी मेकॅनिकल शटर वापरा, नाहीतर वेगाने पॅन करताना मागची झाडं तिरपी होऊ शकतात. फ्लॅश नको. आणि थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणं, जवळ जाणं हे तर अजिबात नको. संध्याकाळी पक्षी रात्रीच्या मुक्कामाला टेकलेले असतात. थोडं थांबलात की नवे येतातच.

हे प्रकरण नवं नाही. छायाचित्रकार अर्न्स्ट हास यांनी १९५० च्या दशकात संथ शटरने बैलझुंजीचे रंगीत फोटो काढले, त्यात बैल आणि माणूस रंगांच्या प्रवाहात विरघळतात. तेव्हाची कोडॅक्रोम फिल्म होती आयएसओ १० ची! आपल्याकडे कमी प्रकाशाची तक्रार करायला फारशी जागा नाही.

बहुतेक फोटो टाकून द्यावे लागतील, भरपूर काढा. निवडताना आधी फोटो बोटाच्या पेराएवढा करून बघा. तेवढ्यातही पक्ष्याचा आकार आणि दिशा कळली तर तो ठेवायचा. १०० टक्के मोठा करून पिसं शोधत बसलात तर सगळेच फोटो नापास होतील. संगणकावर थोडा कॉन्ट्रास्ट वाढवा, शार्पनिंगच्या वाटेला जाऊ नका. स्थिर फोटोवर सॉफ्टवेअरने सरळ रेषेतला ब्लर चढवायचा विचार असेल तर सोडून द्या: पंख कमानीत फिरतो, टोकाला जास्त आणि खांद्याशी कमी, आणि सरसकट चढवलेल्या ब्लरमध्ये हा फरक येत नाही.