पॉवरलाइन की मेश? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात आहे. तळमजला जुना, जांभ्या चिऱ्याचा. नंतर वर स्लॅब टाकून दोन खोल्या काढल्या. फायबर पडवीत आलंय, प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. खाली उत्तम चालतं, पण वरच्या खोलीत मुलीची ऑफिसची मीटिंग सारखी तुटते. दुकानदार तीन डब्यांचा मेश संच घ्यायला सांगतो, म्हणजे एकमेकांना जोडून घरभर एकच वायफाय पसरवणारे डबे. भाचा म्हणतो, पॉवरलाइन अडॅप्टर लावा, भिंती फोडायला नकोत. काय करावं?

उत्तर : आधी एवढं आठवा : गावात कधी एकच फेज जातो, तेव्हा तुमच्याकडे काय होतं? खालचे दिवे गेले आणि वरचे चालू राहिले, असं होत असेल तर दोन्ही मजले वेगवेगळ्या फेजवर आहेत. पॉवरलाइनमध्ये एक अडॅप्टर राउटरजवळच्या सॉकेटमध्ये बसतो, दुसरा वरच्या खोलीत, आणि इंटरनेट विजेच्याच तारेतून वर जातं. फेज बदलला की हा रस्ता जवळजवळ तुटतो. सिग्नल एका तारेतून दुसरीत थोडाफार झिरपतो, पण त्यावर मीटिंग चालत नाही. थ्री-फेज मीटर असलेल्या घरात वरचा मजला मागाहून चढला, की वायरमन त्याचा लोड बहुधा दुसऱ्या फेजवर टाकतो. त्यात त्याची चूक काही नाही, लोड वाटायलाच हवा. खात्री करायची तर त्यालाच बोलवा, बोर्ड स्वतः उघडू नका.

फेज एकच निघाला तरी कोकणातल्या घरात पॉवरलाइन लावायला मी सहसा राजी नसते. घरोघरी नेटवर्क बसवण्याचंच माझं काम आहे, आणि नाही म्हणण्यामागे दोन कारणं आहेत. पहिलं विजांचं. हे अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावावे लागतात. स्पाइक गार्डमध्ये लावले, तर त्यातला फिल्टर इंटरनेटच्या सिग्नललाच गोंगाट समजून अडवतो. म्हणजे मे महिन्यात आणि परतीच्या पावसात आकाश कडाडत असताना ही जोडी उघडी, आणि तिच्या लॅन वायरीने जोडलेला राउटरही तिच्यासोबत धोक्यात. दुसरं कारण इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर चालू राहायचे तर दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर हवेत, पण इन्व्हर्टर बॅटरीवर आला की त्या तारेतला गोंगाट वाढतो. मुलीची मीटिंग नेमकी लाइट गेल्यावरच तुटणार असेल, तर पैसे कशाला घालायचे?

संगमेश्वरकडच्या एका घरी मी हे डोळ्यांनी पाहिलंय. अडॅप्टरवरचा छोटा दिवा हिरवा होता, लॅपटॉपवर वेगही बरा दिसत होता. स्वयंपाकघरात वाटण लावायला मिक्सर सुरू झाला आणि दिवा हिरव्याचा लाल झाला. मिक्सर थांबला, पुन्हा हिरवा. घरच्या माणसांना वाटत होतं की कंपनीचं इंटरनेटच खराब आहे. मिक्सरची मोटर, स्वस्तातले चार्जर, हलके एलईडी बल्ब, सगळेच त्या तारेत गोंगाट सोडतात. खोक्यावरच्या १००० एमबीपीएसलाही भुलू नका. तो तारेवरचा कच्चा वेग असतो, दोन्ही दिशांचा मिळून. घरात त्याचा लहानसा हिस्साच हाती लागतो, आणि काही स्वस्त जोड्यांचा लॅन पोर्टच १०० चा असतो.

आता मेश. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. जांभ्याची जाड भिंत ५ चा सिग्नल फार खाते आणि २.४ चा त्यामानाने कमी. वर फळ्यांची माडी असती तर सिग्नल सहज चढला असता, पण तुमच्याकडे लोखंडी सळ्यांचा स्लॅब आहे. तिथे सिग्नलला वाट एकच, जिन्याची. म्हणून मेशचा दुसरा डबा मुलीच्या खोलीत ठेवू नका. जिथे सिग्नल पोचतच नाही, तिथला डबा पुढे देणार काय? तो जिन्याच्या वळणावर ठेवा. मोबाइलवर सिग्नल मोजणारं एखादं मोफत अॅप टाका आणि त्या जागी उभं राहून बघा : उणे ६५ डीबीएम किंवा त्याहून बरा आकडा (उणे ६०, उणे ५५) आला तर जागा चांगली, उणे ७५ च्या पलीकडे गेला तर जागा बदला. तीन डबे नकोत, दोन पुरेत. डबे हवेतूनच एकमेकांशी बोलतात, आणि साध्या ड्युअल बँड (फक्त या दोन पट्ट्यांच्या) संचात प्रत्येक टप्प्याला वेग जवळपास अर्धा होतो.

पण माझं मन विचाराल तर तुम्ही कॅट-६ ची (लॅनची) एक वायर वर न्या. पडवीतून जिन्याच्या कडेने, केसिंग पट्टीतून, भिंत न फोडता. स्लॅबमधून विजेचा पाईप वर गेलाय म्हणून ती त्यात मात्र घालू नका, वीज आणि लॅन एका पाईपात नको. १०० मीटरपर्यंत ही वायर तुमच्या प्लॅनचा पूर्ण वेग देते, तुम्हाला तर २०-२५ मीटरही लागणार नाही. शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते, ती वाकली की तुटते. वायर घराच्या आतूनच न्या, बाहेरच्या भिंतीवरून नको, पुन्हा विजांमुळेच. वरच्या टोकाला मेशचा दुसरा डबा किंवा साधा अॅक्सेस पॉइंट (वायरीतून आलेलं इंटरनेट वायफायने पसरवणारा डबा) लावा आणि त्याची पिन इन्व्हर्टरच्या सॉकेटला द्या. मेश घेतलात तर तो ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकायला सांगा, नाहीतर घरात दोन राउटर होतात आणि खालचा प्रिंटर वरून सापडत नाही. मुलीचं काम या वायरीवर उभं आहे. पट्टी दिसते म्हणून घरचे कुरकुरतील, तरी ओढाच.

प्रश्न : पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मागच्या बेडरूममध्ये वेग कमी पडतो. मेश घेऊ का?

उत्तर : आत्ताच नको. राउटर आत्ता टीव्हीच्या युनिटमध्ये, काचेच्या दाराआड आहे का? बहुतेक घरांत असतो. फायबरवाल्याला वायर थोडी वाढवायला सांगा आणि राउटर पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर लावा. त्यानंतरही कमी पडलं तर पुन्हा लिहा.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला भाड्याच्या दुमजली घरात राहतो. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. वरच्या खोलीसाठी पॉवरलाइन चालेल? आणि परत येताना ती जोडी गावी आणता येईल का?

उत्तर : तुमच्याकडे जरूर करून बघा. तिथल्या घरांना सहसा एकच फेज येतो, त्यामुळे दोन्ही मजल्यांची सॉकेट वेगळ्या सर्किटवर असली तरी एकाच बोर्डातून निघतात. सिग्नल थोडा उतरेल, सहसा तुटणार नाही. अडॅप्टर एक्स्टेन्शनमध्ये लावू नका. शेजारच्या सॉकेटमध्ये चार्जर असेल तर काढून बघा, आणि जोडी अशा दुकानातून घ्या जिथे परत करता येईल. घरच्या वायरिंगवर चालते की नाही, हे लावून बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

गावी मात्र आणू नका. व्होल्टेज दोन्हीकडे २३० च आहे, पण तिथली चौकोनी पिन आपल्या गोल भोकांत बसत नाही. कन्व्हर्टर लावला की जड अडॅप्टर त्यात लोंबकळतो, सैल होतो आणि सॉकेट काळं पडतं. तिथेच कुणाला तरी देऊन या.