‘येथवर’ म्हणजे नुसतं ‘आतापर्यंत’ का?

प्रश्न असा आला आहे : एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरी भिंतीवर ‘येथवर परमेश्वराने साहाय्य केले’ अशी पाटी पाहिली. इथे ‘आतापर्यंत’ सरळ बसलं असतं, मग ‘येथवर’ का? आणि ‘यापुढे नाही’ असा अर्थ त्यातून निघत नाही का?

नाही निघत.

वाक्य बायबलच्या जुन्या करारातलं, ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातलं. इस्राएलचे शत्रू असलेल्या पलिष्ट्यांचा पाडाव झाल्यावर शमुवेल या संदेष्ट्याने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये एक धोंडा उभा केला आणि त्याला एबन-एजर हे नाव दिलं. हिब्रूत ‘एबेन’ म्हणजे दगड, ‘एजर’ म्हणजे मदत. कित्येक घरांवर ‘एबनेझर’ नाव दिसतं, ते हेच. मूळ हिब्रूतले ‘अद हेन्ना’ हे शब्द स्थळ आणि काळ दोन्ही दाखवतात. मराठीत ती सोय ‘येथवर’मध्ये आहे. धोंडा जागेवर उभा असतो, त्याच्याजवळ उभं राहून माणूस मागे वळून वाट बघतो. ‘आतापर्यंत’ म्हटलं की ती वाटच पुसली जाते.

शिवाय ‘पर्यंत’च्या पोटात ‘अंत’ आहे : परि + अन्त. ‘वर’मध्ये तो नाही. जोवर, आजवर, कुठवर, आणि जुन्या अभंगांतलं ‘जोंवरी’ म्हणून पाहा. ‘इथवर आलो’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा अजून चालायचा असतो. (‘गोष्ट इथवर आली!’ या त्राग्यातसुद्धा पुढे आणखी काय होणार ही धास्ती असतेच.)

‘साहाय्य’ही नीट पाहावं. ‘सहाय्य’ नव्हे, ‘सहाय’पासून ‘साहाय्य’. सहाय म्हणजे सोबती, बरोबर चालणारा. त्यामुळे त्या पाटीचा अर्थ मला असा लागतो : इथपावेतो तो बरोबर चालला. मदत एकदा करून निघून जाता येतं, सोबत अशी संपत नाही.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हेच नाव चौथ्या अध्यायातही आहे. तिथे एबन-एजरजवळ तळ दिलेले इस्राएल लोक दोनदा हरले, तीस हजार पायदळ पडलं आणि कराराचा कोश, म्हणजे देवाशी झालेल्या कराराची पवित्र पेटीही शत्रूने नेली. ज्या नावाशी एवढी हार जोडलेली, तेच नाव शमुवेलाने उपकाराच्या दगडाला दिलं. आणि तेही लोकांनी बआल-अष्टारोथ हे परके देव टाकून देऊन पुन्हा परमेश्वराची सेवा धरल्यावर.

माझ्या आजीच्या बायबलात या वचनाच्या समासात पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या आहेत. काकाची मॅट्रिक, आईचं ऑपरेशन, माझा पहिला पगार. तारीख लिहिली की त्या रविवारी उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानण्याचं, दान ठरलेलं, आणि महिन्याचा दशांश, म्हणजे मिळकतीतला देवाचा दहावा हिस्सा, हात कितीही आखडलेला असला तरी, आधी बाजूला निघायचा. सगळ्यांत ठळक तारीख आजोबा गेले त्या दिवसाची आहे. तिच्यापुढे तिने एकच शब्द लिहिलाय, ‘येथवर’. त्याखाली आणखी अकरा तारखा आहेत.