नवीन कोच आला, आता पोरं कुठली घ्यायची? हे काम करिअर होऊ शकतं का?

पत्र थोडक्यात असं आहे:

"सर, मी कोल्हापूरचा, बीएस्सी स्टॅटिस्टिक्स, शेवटचं वर्ष. आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमला या सीझनला नवीन कोच मिळालेत, त्यांना वर चढून प्रेस करणारी, म्हणजे समोरच्याच्या अंगावर धावून जाऊन बॉल काढून घेणारी टीम पाहिजे. मी लहानपणापासून शाहू स्टेडियमला मॅच बघतोय, म्हणून त्यांना सहा पानांची नोट करून दिली, फॉर्मेशन कुठलं, बाहेरून कुठले चार प्लेअर आणायचे, सगळं. त्यांनी वाचली आणि म्हणाले, 'बाळ, झ्याक लिवलंयस, पण आपली जी पोरं हाईत त्यांचं काय करायचं ते यात कुठं हाय?' मला उत्तरच देता आलं नाही. सर, मला हेच काम करायचंय, क्लबसाठी टॅक्टिक्सचं प्लॅनिंग आणि रिक्रूटमेंट. बाबांचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे, ते म्हणतात एमबीए कर, फुटबॉलनं पोट भरत नाही. असं काम खरंच असतं का? आणि शिकायचं काय?"

मित्रा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिली गोष्ट, हो, हे काम असतं. क्लबमध्ये आपल्या टीमच्या खेळाचा अभ्यास करणारा परफॉर्मन्स अ‍ॅनालिस्ट असतो, बाहेरच्या प्लेअरचा अभ्यास करणारा रिक्रूटमेंट अ‍ॅनालिस्ट असतो, मैदानावर जाऊन प्लेअर हेरणारे स्काउट असतात, त्यांच्या वर हेड ऑफ रिक्रूटमेंट आणि स्पोर्टिंग डायरेक्टर. तुझ्या गावात तर हे काम कितीतरी वर्षं चालू आहे, फक्त त्याला असं नाव नव्हतं. कोल्हापुरात तालमींच्याच फुटबॉल टीम असतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, कुठल्याही तालमीचे जुने कार्यकर्ते बघ, सीझन आला की कोण कुठल्या टीममधून सुटतोय, कुणाला बाहेरून बोलवायचं, पैसे किती, राहायची सोय कुठं, हे सगळं तेच बघतात. यालाच मोठ्या क्लबांत रिक्रूटमेंट म्हणतात.

आता मुद्द्याचं. तुझ्या कोचनी जे विचारलं ना, ते म्हणजेच हे काम आहे. तुझी नोट वाईट नसणार, पण तू शेवटापासून सुरुवात केलीस. नवीन मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, आला की सगळ्यांच्या तोंडात नावं येतात, ह्याला घ्या त्याला घ्या. नाव सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. आधी कोचला मैदानावर नेमकं काय घडायला हवंय ते साध्या शब्दांत लिहायचं, मग त्यासाठी प्रत्येक जागेवर कुठलं काम करणारा माणूस लागतो ते लिहायचं, मग आपल्याकडचं कोण ते करू शकतं, कोण थोडं शिकवलं तर करू शकेल ते बघायचं, आणि एवढं करून जी जागा रिकामी राहील तिथंच बाहेरचा माणूस.

इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचं उदाहरण घे, तुला माहीतच असेल पण या बाजूनं बघ. २०२४ च्या उन्हाळ्यात मॅनेजर क्लॉप गेला आणि नेदरलँड्सच्या फेयेनूर्डहून आर्ने स्लॉट आला. क्लबला डिफेन्सच्या पुढं खेळणारा सहा नंबर पाहिजे होता, रियाल सोसिएदादच्या मार्टिन सुबिमेंडीच्या मागं लागले, तो आला नाही. फॅन्स किती चिडले होते आठवतंय का, नवीन मॅनेजर आणि खरेदी काहीच नाही म्हणून. त्या उन्हाळ्यात त्या सीझनसाठी घेतलेला सीनियर प्लेअर म्हणजे एकटा किएझा, आणि तो लीगमध्ये फारसा खेळलाही नाही. मग स्लॉटनं काय केलं, तर रायन ग्राव्हेनबर्खला त्या जागेवर उभा केला. आधीच्या सीझनला हा मुलगा बऱ्याचदा बेंचवर असायचा आणि खेळला तर जरा पुढं खेळायचा. पण त्याच्यात एक गोष्ट होती, पाठीवर माणूस असताना बॉल घेऊन तो अंगानंच वळतो आणि पुढं निघून जातो, आणि स्लॉटला मागून बॉल खेळत वर यायचं होतं तर नेमकं हेच लागत होतं. तो जवळजवळ सगळ्या मॅच खेळला, सीझनचा बेस्ट यंग प्लेअर ठरला, आणि लिव्हरपूलनं एप्रिल २०२५ मध्ये चार मॅच शिल्लक असताना प्रीमियर लीग जिंकली. तो प्लेअर घरातच होता रे! कुणीतरी तो काय करतो हे नीट बघितलं होतं, म्हणून सापडला.

याच्या उलट मँचेस्टर युनायटेड. नोव्हेंबर २०२४, सीझन चालू असताना, रुबेन अमोरिम मॅनेजर म्हणून आला. त्याचं ३-४-३, म्हणजे मागं तीन, मधे चार, पुढं तीन, त्यात मधल्या चारातले कडेचे दोघं विंगबॅक म्हणजे टीमची फुप्फुसं, पूर्ण लाइन वर खाली पळणारे दोघं. आणि टीम कुणासाठी जमवलेली, तर आधीच्या मॅनेजरसाठी, वेगळ्या पद्धतीसाठी. ट्रान्सफर विंडो, म्हणजे प्लेअर घ्यायची मुदत, जानेवारीपर्यंत बंद. मग अमाद डियालोसारख्या विंगरला, म्हणजे पुढं कडेनं हल्ला करणाऱ्याला, विंगबॅक करावं लागलं, शेवटी इटलीच्या लेचे क्लबहून पॅट्रिक डॉर्गूला डावा विंगबॅक म्हणून आणला. सीझन संपला तेव्हा युनायटेड १५ वे, आणि युरोपा लीगची फायनलही टॉटनहॅमकडून हरले. माझं मत विचारशील तर यात एकट्या मॅनेजरला धरणं बरोबर नाही. मॅनेजर नेमतानाच कुणीतरी एका कागदावर लिहून ठेवायला हवं होतं की याच्या पद्धतीला आपल्याकडं कोण आहे, कोण नाही, आणि नसलेला माणूस कधी मिळेल. तो कागद लिहिणारा माणूस म्हणजे तू, तुला व्हायचंय तो.

आपल्याकडचं उदाहरण मात्र मला जास्त शिकवणारं वाटतं, कारण ते आपल्या नियमांत आणि आपल्या पोरांवर घडलंय. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल. २०२० मध्ये एफसी गोव्याचा आधीचा कोच सर्जिओ लोबेरा मुंबई सिटीत आला आणि सोबत आपले ओळखीचे प्लेअर घेऊन आला, मोर्ताडा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस आणि आपला गोव्याचा मंदार राव देसाई. नवीन मॅनेजरसाठी हा सगळ्यात जलद रस्ता, कारण चौघांना त्याची भाषा आधीच येत होती, बाकीची टीम त्यांच्याकडं बघून शिकली. त्या सीझनला मुंबईनं लीगमध्ये पहिलं येऊन शील्डही घेतली आणि गोव्यात फातोर्ड्याला फायनलमध्ये मोहन बागानला २-१ हरवून कपही घेतला. यात मंदारकडं बघ. तो मूळचा डावा विंगर. लोबेरानं गोव्यात असताना त्याला मागं आणून लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा डिफेंडर केला, कारण त्याच्या पद्धतीत लेफ्ट बॅकला वर जाऊन खेळायचं होतं आणि ते काम मंदारला विंगर म्हणून येतच होतं. म्हणजे नवा लेफ्ट बॅक विकत घेण्याआधी त्यानं आपल्याच विंगरकडं बघितलं. तुझ्या कोचच्या प्रश्नाचं उत्तर हे असं असतं.

पण या रस्त्याची दुसरी बाजूही आहे. वर्षभरात लोबेरा गेला, डेस बकिंगहॅम आला, आणि त्याच्या पहिल्या सीझनला टीम पाचवी आली, प्लेऑफसुद्धा नाही. त्याच सीझनपासून आयएसएलमध्ये मैदानावर पाचऐवजी चारच परदेशी प्लेअर खेळवता येणार होते. म्हणजे सात जागा भारतीयांच्या, आणि जो क्लब भारतीय प्लेअर नीट ओळखेल तो पुढं जाणार हे उघड होतं. मुंबईनं जानेवारी २०२२ मध्ये चेन्नईयिनकडून मिझोरामचा विंगर लालियानझुआला छांगतेला आणला, बकिंगहॅमला वेळ दिला, आणि २०२२-२३ ला परत शील्ड जिंकली. छांगते त्या वर्षी देशातला सर्वोत्तम प्लेअर ठरला. म्हणून सांगतो, भारतात हे काम करायचं असेल तर ब्राझीलचा स्ट्रायकर यूट्यूबवर शोधणारे खूप आहेत, मिझोरामचा, मणिपूरचा, गोव्याचा, कोल्हापूरचा विशीतला मुलगा तीन-चार मॅच मैदानावर बसून बघून त्याच्याबद्दल खात्रीनं एक पान लिहिणारे कमी आहेत. तू ते होऊ शकतोस. अनिकेत जाधव तुमच्याच गल्ल्यांतून २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपपर्यंत गेला, कुणीतरी त्याला वेळेत बघितलं म्हणूनच ना.

आता लगेच करायचं काम सांगतो. पुढच्या मॅचला गॅलरीत जरा वर बस आणि फक्त तुमच्या लेफ्ट बॅककडं बघ, पूर्ण मॅच. बॉल कुठंही असू दे, गोल होऊ दे, गॅलरी नाचू दे, तू त्याच्याकडंच बघ. सुरुवातीला फार जड जातं, मान आपोआप बॉलकडं वळते. वहीत लिही की आपला बॉल गेला त्या क्षणी त्याची पहिली चार-पाच पावलं कुठल्या दिशेला पडली, पुढं की मागं. प्रेस करणाऱ्या टीममध्ये सगळा खेळ या पावलांवर आहे, पुढची पोरं प्रेसला गेली आणि हा सवयीनं मागं सरकला तर मधे एवढी मोठी जागा पडते की समोरचा तिथं आरामात बॉल घेतो, आणि मग आपण म्हणतो मिडफिल्ड कमी पडलं. हे किती वेळा झालं, कितव्या मिनिटाला झालं, दमल्यावर वाढलं का, ते मोज. त्यानंतरच्या मॅचला स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, आणि त्याच्या पुढच्याला स्ट्रायकर. सहा-सात मॅचमध्ये तुझ्याकडं अख्ख्या टीमचं असं काहीतरी असेल जे कोचकडंसुद्धा नसेल, कारण कोच डगआउटमधून सगळं एकदम बघत असतो.

मग त्यावरून एक पान. वर कोचला काय हवंय ते दोन ओळींत. खाली प्रत्येक जागेसमोर आपला कोण, त्याला काय येतं, काय शिकवावं लागेल. आणि सगळ्यात खाली, बाहेरून माणूस लागेलच अशा एक किंवा दोन जागा, त्याच्याकडून कुठलं काम हवंय ते, आणि मग नाव, तेही एक नको, तीन, कारण पहिला माणूस बऱ्याचदा मिळत नाही. सुबिमेंडीचं झालं तसं. पैशाचा आकडाही लिही. परदेशी स्ट्रायकरला एका सीझनसाठी जेवढे जातात तेवढ्यात दोन चांगली लोकल पोरं येतात का हे तालमीच्या कार्यकर्त्यांना बसून विचार, ते तुला बरोबर सांगतील, आणि खेळाडू नोंदणीच्या तारखेच्या आत काय जमेल तेही तेच सांगतील.

शिक्षणाचं म्हणशील तर तुझं स्टॅटिस्टिक्स सोडू नकोस, ते तुझं भांडवल आहे. लिव्हरपूलचा रिसर्च विभाग ज्यानं उभा केला तो इयन ग्रॅहम फिजिक्समधला पीएचडी होता. पायथन किंवा आर या प्रोग्रामिंग भाषा, दोन्हीपैकी एक शीक. स्टॅट्सबॉम्ब या फुटबॉल डेटा कंपनीचा काही डेटा फुकट मिळतो, मेस्सीच्या बार्सिलोनातल्या मॅच आणि वर्ल्ड कपसुद्धा आहेत त्यात, त्यावर हात बसव. सोबत कोचिंगचं लायसन्स कर, देशाच्या फुटबॉल संघटनेचं, म्हणजे एआयएफएफचं डी लायसन्स, आपल्याकडं राज्याच्या संघटनेतर्फे, विफातर्फे कोर्स होतात त्यावर लक्ष ठेव. कोच व्हायचं नसलं तरी कर, कारण ट्रेनिंग ग्राउंडवर एखादी गोष्ट शिकवायला किती दिवस लागतात हे कळल्याशिवाय "याला शिकवता येईल" असं तू कागदावर लिहू शकत नाहीस. आणि कुणी मोठी फी घेऊन आयएसएल क्लबमध्ये जॉब नक्की असं सांगत असेल तर एक रुपया देऊ नकोस. माझ्याकडं अशी फी भरून आलेली पोरं येतात, हातात सर्टिफिकेट असतं आणि एकाही मॅचवर स्वतः लिहिलेलं एक पान नसतं, फार वाईट वाटतं मला.

बाबांसाठी वेगळं लिहितो, त्यांना वाचून दाखव.

काका, तुमची काळजी बरोबर आहे, मी ती उडवून लावणार नाही. भारतात या कामाच्या जागा कमी आहेत, सुरुवातीचा पगार कमी असतो, बरेचदा एखाद्या अकॅडमीत व्हिडिओ कापण्यापासून सुरुवात होते. २०२५ च्या जुलैमध्ये तर आयएसएलचा पुढचा सीझनच होल्डवर गेला आणि काही क्लबनी पगार थांबवले, त्यामुळं घरातल्या मोठ्यांना भीती वाटणारच. पण हा मुलगा जे शिकतोय, आकडे आणि डेटा, त्याला बँकेत, इन्शुरन्समध्ये, कंपन्यांत मागणी आहे, ते वाया जात नाही. डिग्री पूर्ण झाली की त्याला दोन वर्षं द्या. या दोन वर्षांत त्यानं लायसन्स करावं, तालमीसोबत दोन सीझन काम करावं, आणि एखाद्या क्लबमध्ये किंवा अकॅडमीत इंटर्नशिप मिळवावी. नाही जमलं तर एमबीए तेव्हाही करता येतं, आणि दोन वर्षं टीमसोबत काढलेल्या पोराला तिथं इंटरव्ह्यूमध्ये बोलायला स्वतःचं काहीतरी असेल. तुम्ही स्वतः वर्कशॉप चालवता, नवीन मशीन घेण्याआधी जुन्यावर काय काय निघतंय ते तुम्ही बघतच असाल, तुमचा मुलगा तेच फुटबॉलमध्ये करायचं म्हणतोय.

आणि मित्रा, तुझ्या कोचना भेट. त्यांना सांग की सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, मला सहा मॅचचा वेळ द्या. ज्या माणसानं तुझी सहा पानं शेवटपर्यंत वाचली आणि एवढा नेमका प्रश्न विचारला, तो वेळ देईल. ते एक पान झालं की मलाही पाठव, लेफ्ट बॅकपासून सुरुवात कर.