सिन्युक्लिन ‘असतं’, ‘सापडतं’ की ‘साचतं’?

प्रश्न असा आहे की एक ताई पार्किन्सनच्या पेशंटच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक मराठीत करतायत, त्यात त्यांनी वाक्य लिहिलंय, ‘अल्फा सिन्युक्लिन हे प्रथिन मेंदूच्या पेशींच्या केंद्रात सापडते’, आणि मग सरळ ‘केंद्रक-प्रथिन’ असं मराठी नाव दिलं तर चालेल का.

ताई, माझं मत, नको. पण तुम्हाला तसं का वाटलं ते कळतं, कारण नावातच ते आहे. १९८८ मध्ये विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशात हे प्रथिन पहिल्यांदा ओळखलं तेव्हा ते दोन ठिकाणी दिसलं, एक चेतापेशीच्या टोकाशी, म्हणजे जिथून ती शेजारच्या पेशीला निरोप देते त्या सांध्यापाशी, आणि दुसरं केंद्रकापाशी. त्या सांध्याला म्हणतात सिनॅप्स, केंद्रकाला न्यूक्लियस, दोन्हीचे तुकडे जोडून सिन्युक्लिन. पुढे बऱ्याच प्रयोगांत केंद्रकात ते फारच थोडं दिसलं, कधी दिसलंच नाही, त्यावर अजून वाद चालू आहे. टोकाशी मात्र ते भरपूर असतं याबद्दल वाद नाही. म्हणजे तुम्ही नेमका नावातला कच्चा अर्धा उचलताय.

आणि ‘केंद्रात’ तर अजिबात नको, केंद्र म्हणजे मधोमध, केंद्रक हा पेशीतला वेगळा भाग, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलाच शब्द आहे.

पण मला खरी अडचण ‘सापडते’ मध्ये दिसते. इंग्रजीत या सगळ्याला एकच क्रियापद वापरून भागतं, आपल्याकडे तीन आहेत आणि तिन्ही वेगळं सांगतात. ‘असतं’ म्हणजे त्याचं नेहमीचं घर, तुमच्या माझ्या निरोगी मेंदूतसुद्धा. ‘सापडलं’ म्हणजे कुणीतरी शोधलं तेव्हा तिथे दिसलं. आणि ‘साचतं’ म्हणजे जिथे निचरा व्हायला हवा तिथे होत नाहीये. पार्किन्सनमध्ये हे प्रथिन वेडंवाकडं दुमडून एकमेकाला चिकटतं आणि पेशीद्रवात, म्हणजे केंद्रकाच्या बाहेर, साचतं. फ्रिट्झ लेवी या डॉक्टरांनी १९१२ मध्ये सूक्ष्मदर्शकातून ज्या गोल गोल वस्तू पाहिल्या, ज्यांना आपण लेवी बॉडीज म्हणतो, त्यांच्यात मुख्य माल हाच आहे हे १९९७ मध्ये कळलं. नेहमीच्या रंगवलेल्या काचपट्टीवर ती गुलाबी गोळी दिसते, भोवती फिकट कडं, आणि बाजूला पेशीचे काळपट कण.

आता या साचलेल्याला काय म्हणायचं. बरेच जण ‘गुठळी’ लिहितात, पिठल्यात होते तशी, आणि शब्द ऐकायला अगदी बरोबर वाटतो, मीही वापरायचो. मावशीला हा आजार झाला तेव्हा मी तिला असंच वाचून दाखवलं की मेंदूत प्रथिनाच्या गुठळ्या होतात, ती लगेच म्हणाली, ‘अरे मग मला रक्त पातळ करायची गोळी का नाही देत?’ तिची काहीच चूक नव्हती, आपल्या घरात मेंदूतली गुठळी म्हणजे रक्ताची, म्हणजे अर्धांगवायू, दुसरं काही डोक्यात येतच नाही. पेशंटला उगाच भलती भीती घालणारा शब्द कितीही मराठमोळा असला तरी पत्रकात नको. ‘पुंजके’ म्हणा, नाहीतर ‘गोळे’.

नाव सिन्युक्लिनच राहू द्या, डॉक्टर तेच बोलणार, रिपोर्टात तेच येणार. आजाराचं नाव मात्र एकदा ‘कंपवात’ असं जरूर द्या, वयस्कर माणसं पटकन ओळखतात.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘अल्फा सिन्युक्लिन हे प्रथिन सगळ्यांच्याच मेंदूत, चेतापेशींच्या टोकांशी असतं, कंपवातात ते पेशींच्या आत, केंद्रकाबाहेर, पुंजक्यांच्या रूपात साचतं.’ जरा लांब झालं, पण ‘सगळ्यांच्याच’ कापू नका, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की हे प्रथिन म्हणजे बाहेरून शिरलेलं काहीतरी विष आहे.